ब्लॅक अँड व्हाइट फोटोत टोन कसा ठरवायचा, जरा निवांत समजून घेऊ

मोबाईलमध्ये फोटो उघडायचा, मोनो लिहिलेल्या फिल्टरवर टॅप करायचं, झालं ब्लॅक अँड व्हाइट. बहुतेक वेळा हाती येतं ते कळकट, सगळीकडे सारखंच राखाडी, मग कोणीतरी सांगतं की कॉन्ट्रास्ट वाढव, तो वाढवला की आकाश फुटतं, म्हणजे निव्वळ पांढरं होतं, आणि चेहरे काळे ठिक्कर पडतात, आणि शेवटी माणूस म्हणतो जाऊ दे, कलरच बरा होता.

यात गडबड एवढीच असते की टोन कोणी ठरवलेलाच नसतो, तो आपोआप जसा पडेल तसा पडलेला असतो. टोन म्हणजे फोटोतली एखादी जागा, समजा गाल, भिंत, ढग, हे काळ्या आणि पांढऱ्याच्या मधे नेमकं कुठे बसतंय. कलरमध्ये लाल साडी हिरव्या झाडापुढे उठून दिसायला लाल असणंच पुरतं, तिथे रंग आपलं काम फुकटात करून देतो. रंग काढला की दोन वस्तू वेगळ्या दिसायला एकच आधार उरतो, एक उजळ आणि दुसरी गडद असणं. आणि कुठली उजळ न् कुठली गडद हे निसर्गाने ठरवून दिलंय असं समजायचं काही कारण नाही, ते बऱ्यापैकी फोटो काढणाऱ्याच्या हातात असतं. पुढचा सगळा लेख याच एका गोष्टीवर आहे.

वारीतल्या भगव्या पताकेचंच घ्या. निळंशार आकाश, त्यावर फडफडणारी पताका, कलरमध्ये यापेक्षा उठावदार काही नाही. आता हा फोटो साधा डिसॅच्युरेट केला, म्हणजे नुसता रंग काढून टाकला, तर काय होतं ते आकड्यांत बघू. सॉफ्टवेअर कलरचं राखाडी करताना लाल, हिरवा, निळा या तिघांना सारखा मान देत नाही, कारण आपला डोळा हिरव्याला जास्त उजळ मानतो आणि निळ्याला फार कमी, म्हणून नेहमीचा हिशोब लाल ३० टक्के, हिरवा ५९ टक्के आणि निळा ११ टक्के असा असतो. ० म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण उजळ या मापात भगव्याचे आकडे समजा लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. हिशोब केला की येतात १७२. आकाशाचे समजा १३०, १८०, २३०. याचे येतात १७१. म्हणजे पताका १७२ आणि आकाश १७१, पताका गायब! काठी दिसते, वरती काही नाही. आता यावर कॉन्ट्रास्टचा स्लायडर कितीही ओढा, एकसारख्या दोन आकड्यांमधे तो फरक आणणार तरी कुठून.

पण रंगाची माहिती अजून फाइलमध्ये आहे ना, मग ती वापरायची. लाइटरूम या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट मिक्स म्हणून जो भाग आहे त्यात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा वगैरे आठ रंगांचे स्लायडर असतात, आणि प्रत्येक स्लायडर म्हणतो की मूळ फोटोत जिथे जिथे हा रंग होता ती जागा उजळ करू की गडद. निळा खाली ओढला की आकाश गडद होतं आणि पताका त्यावर पांढरी झळाळून उठते. उलट नारिंगी खाली आणि निळा वर केला तर फिकट आकाशावर गडद पताका येते. दोन्ही फोटो खरेच आहेत, कुठलाही खोटा नाही, फक्त एकात ऊन जाणवतं आणि दुसऱ्यात पावसाळी मळभ, आणि यातलं कुठलं पाहिजे हे तुम्हाला माहीत असायला हवं, सॉफ्टवेअरला ते कळत नाही. मोबाईलवर स्नॅपसीड हे एडिटिंग अ‍ॅप वापरणाऱ्यांना आठ स्लायडर मिळत नाहीत पण त्याच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे कलर फिल्टर आहेत, काम त्याच तत्त्वावर चालतं. बरेच जण तिकडे बघतच नाहीत, थेट ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे दाणे, टाकायला धावतात.

हे स्लायडर म्हणजे जुन्या काचेच्या फिल्टरांचीच नक्कल. फिल्मच्या काळात लेन्सपुढे खरोखर पिवळी, नारिंगी, लाल काच लावायचे. नियम सोपा आहे, काच स्वतःच्या रंगाचा प्रकाश आत सोडते आणि विरुद्ध रंगाचा अडवते, म्हणून पिवळ्याने आकाश थोडं गडद होतं आणि ढग दिसायला लागतात, नारिंगीने आणखी, आणि लालने तर भर दुपारी आकाश काळ्याकडे झुकतं. प्रकाश अडला म्हणजे एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, वाढवायला लागतं, पिवळ्याला साधारण एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), नारिंगीला दोन, गडद लालला तीन. या खेळाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकन फोटोग्राफर अँसल अ‍ॅडम्सने १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत काढलेला हाफ डोम या कड्याचा फोटो. फिल्मच्या जागी वापरायच्या काचेच्या प्लेटा शेवटच्या दोनच उरल्या होत्या. एक पिवळा फिल्टर लावून काढली, पण काढल्यावर त्याच्या लक्षात आलं की कडा पाहताना जे भव्य, जरासं भीतीदायक वाटतंय ते यात येणार नाही, आकाश फारच सौम्य पडेल, म्हणून शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं, कडा त्यापुढे उभा. डोळ्याला आकाश तसं दिसत नव्हतंच, त्याला ते तसं हवं होतं, आणि शटर दाबायच्या आधी हवं होतं.

त्याच्याही आधीच्या काळात हा चॉइसच नव्हता. सुरुवातीच्या प्लेटांना फक्त निळा आणि जांभळा प्रकाश कळायचा, म्हणून १९व्या शतकातल्या, आपल्याकडचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांच्या काळातल्याही, कितीतरी फोटोंत आकाश कोऱ्या कागदासारखं पांढरं दिसतं, ढगांचा पत्ता नाही. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रेने १८५०च्या दशकात यावर तोडगा काढला, समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी, दोन्ही एकाच कागदावर छापायच्या, म्हणजे ज्याला आपण आज फोटोशॉपची लबाडी म्हणतो ती किती जुनी आहे बघा. मग १८७३ मध्ये जर्मनीत हेरमान फोगेल यांना सापडलं की प्लेटेवर योग्य डाय, म्हणजे रंगद्रव्य, वापरला तर तिला हिरवाही कळतो, पण लाल तरी कळत नव्हताच. सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट बाजारात आली ती १९०६ च्या सुमारास, आणि ती सगळीकडे रुळायला आणखी बरीच वर्षं गेली.

घरातले आजी-पणजीचे जुने फोटो या नजरेने काढून बघा. लाल न ओळखणाऱ्या फिल्मवर कुंकू काळं पडतं, ओठ काळपट दिसतात, आणि आपली त्वचा लाल-पिवळा प्रकाश जास्त आणि निळा कमी परत पाठवते म्हणून चेहराही होता त्यापेक्षा सावळा येतो. आता हेच पॅनक्रोमॅटिक फिल्मवर लाल फिल्टर लावून काढलं असतं तर बरोबर उलटं, कपाळ उजळ, कुंकूही उजळ, आणि दोघांत फरकच न उरल्यामुळे कुंकू पुसल्यासारखं दिसलं असतं. एकच बाई, एकच उजेड. आज तुमच्या हातात ते लाल आणि नारिंगी स्लायडर आहेत त्यांची ताकद ही एवढी आहे, पोर्ट्रेटमध्ये लाल जरा खाली आणि नारिंगी जरा वर केलं की कुंकू आणि ओठ टिकतात आणि त्वचा मोकळी होते, पण हे जपून, दहा-पंधराच्या वर गेलात की चेहरा मेणाचा.

डोंगरांच्या बाबतीत मात्र माझं मत जरा वेगळं आहे. लाल फिल्टर धुरकटपणा कापतो हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, कारण लांबची हवा निळसर असते आणि लाल काच निळं अडवते. पण सह्याद्रीत एखाद्या गडावरून सकाळी ज्या एकामागे एक डोंगररांगा दिसतात, जवळची गडद, मागची फिकट, त्याच्या मागची आणखी फिकट, ती सगळी गंमत त्या धुरकटपणामुळेच असते ना! तो कापला की सगळ्या रांगा एका टोनवर येतात आणि खोली संपली. तिथे उलट निळा स्लायडर थोडा वर न्यायचा म्हणजे लांबच्या रांगा अजून फिकट होतात आणि पायऱ्या स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं तेव्हा हिरवा स्लायडर हलवून फारसं काही झालं नाही तर घाबरू नका, गवतात आणि पानांत पिवळ्याचा अंश भरपूर असतो, पिवळा स्लायडर हलवा, खरी किल्ली तिथे आहे.

एक सावधानता आत्ताच सांगून टाकतो. निळा स्लायडर पार खाली ओढला की आकाशात दाणे दिसायला लागतात, पट्टे पडतात, आणि डोंगराच्या कडेने पांढरी रेघ उमटते. सेन्सरच्या निळ्या चॅनलमध्ये नॉइज, म्हणजे हा दाणेदारपणा, मुळातच जास्त असतो आणि जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच असतात, त्या ताणल्या की फाटतात. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणारी, तिच्यात १२ किंवा १४ बिट म्हणजे हजारो पायऱ्या असतात, ती बरंच सहन करते. कॅमेऱ्यात रॉ ठेवा आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोम करा, स्क्रीनवर तुम्हाला ब्लॅक अँड व्हाइट दिसेल आणि फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतील, शिकणाऱ्यासाठी यापेक्षा चांगली सोय नाही.

आता एक्स्पोजर. कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला समोर काय आहे ते मुळात कळत नाही, म्हैस असो की गोव्यात पणजी शहरातलं पांढरंशुभ्र चर्च, तो एवढंच गृहीत धरतो की समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे आणि त्या हिशोबाने आकडा देतो. म्हणून फ्रेमभर म्हैस घेतली की ती धुवट राखाडी होते आणि फ्रेमभर चर्च घेतलं की तेही मळकं राखाडी होतं. हल्लीचे कॅमेरे चेहरे वगैरे ओळखून थोडं शहाणपण करतात पण मूळ स्वभाव तोच. ही मध्यम राखाडी म्हणजे पडलेल्या प्रकाशातला साधारण १८ टक्के परत पाठवणारी वस्तू. ५० का नाही? कारण डोळा टक्केवारीने बघत नाही, अंधाऱ्या बाजूचे फरक त्याला जास्त कळतात आणि उजळ बाजूचे कमी, त्यामुळे १८ टक्क्यांची वस्तूच आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मधोमध वाटते. कॉम्प्युटरच्या ० ते २५५ मध्ये ती ११८ च्या आसपास येते.

यावर अ‍ॅडम्सने फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर १९३९-४० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना एक पद्धत बसवली, झोन सिस्टिम. नाव ऐकून लोक पळतात, पण ती अगदी साधी मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे कागदाचा पूर्ण काळा, दहा म्हणजे कागदाचा पूर्ण पांढरा, पाच म्हणजे ती मध्यम राखाडी, आणि एक झोन म्हणजे एक स्टॉप. दोनमध्ये काळ्यात काहीतरी आहे असा भास होतो, तीनमध्ये गडद असूनही पोत नीट दिसतो, म्हणजे काळ्या घोंगडीची वीण वाचता येते, सातमध्ये पांढऱ्या कापडाच्या चुण्या दिसतात, आठमध्ये जेमतेम, नऊला सगळं संपलं. तीन ते सात एवढंच पाठ झालं तरी बास, महत्त्वाचा सगळा माल तिथेच असतो.

वापरायची कशी ते बघा. वारकरी आहे, डोक्याला पांढरी टोपी, ढग बाजूला होऊन ऊन पडलंय. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचं माप) ८ ठेवून स्पॉट मीटर, म्हणजे एका छोट्या जागेचाच प्रकाश मोजणारा मीटर, टोपीवर धरला तर तो सांगेल शटर १/२००० सेकंद. हे त्याने टोपीला पाचवर बसवायला सांगितलंय, म्हणजे राखाडी टोपी. आपल्याला ती चुण्यांसकट पांढरी पाहिजे, म्हणजे सातवर, म्हणून दोन स्टॉप उघडायचं, १/५००. एवढंच तुम्ही ठरवायचं. बाकीचं आपोआप आपापल्या जागी पडतं, उन्हातला सावळा गाल चार-पाचला, हनुवटीखालची सावली दोन-तीनला, आणि ते जिथे पडलंय ते तुम्हाला मान्य आहे का हे क्लिक करायच्या आधी बघायचं. मान्य नसेल तर प्रकाश बदला, माणसाला अर्धं वळवा, सावलीत न्या, थांबा. म्हणजे एक टोन आपण बसवतो आणि उरलेले कुठे पडतात ते ओळखायला शिकतो, झोन सिस्टिमचा गाभा हाच, बाकी डेव्हलपिंगची, म्हणजे रसायनात फिल्म धुण्याची, कोष्टकं फिल्मवाल्यांसाठी.

फिल्मवाले टोन बसवताना सावलीवरून सुरुवात करायचे कारण निगेटिव्हवर सावलीतलं डिटेल आलं नाही तर ते नंतर कुठून आणणार, आणि उजळ भाग डेव्हलपिंगची वेळ कमी-जास्त करून आवरता यायचा. डिजिटलमध्ये उलटं आहे, सावली नंतर उचलता येते, नॉइज येतो पण येते, उजळ भाग एकदा २५५ ला टेकला की तिथे काहीच नसतं, कितीही स्लायडर हलवा. म्हणून डिजिटलमध्ये महत्त्वाचा उजळ भाग पकडायचा. महत्त्वाचा म्हणतोय मी, सगळा नाही. स्टीलच्या कळशीवरची चमक, ओल्या रस्त्यावर पडलेला हेडलाइट, ह्यांना फुटू दे, त्यांच्यात बघण्यासारखं काही नसतंच.

अ‍ॅडम्सचाच चंद्राचा फोटो यासाठी बघण्यासारखा आहे. न्यू मेक्सिकोतलं हर्नांडेझ नावाचं खेडं, संध्याकाळ, आकाशात चंद्र, खाली दफनभूमीतले पांढरे क्रूस मावळत्या उन्हात चमकतायत, आणि ऐनवेळी लाइट मीटर सापडेना. पण चंद्राची चकाकी किती असते हा आकडा त्याला पाठ होता, तेवढ्यावरून त्याने चंद्र सातव्या झोनवर बसवला, उरलेलं एक्स्पोजर डोक्यात काढलं आणि एक निगेटिव्ह घेतली, दुसरी घेईपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. तारखेचं त्याला स्वतःला नीट आठवत नव्हतं, पुढे खगोलवाल्यांनी चंद्राच्या जागेवरून १ नोव्हेंबर १९४१ अशी काढून दिली. पण मला याहून जास्त आवडते ती पुढची गोष्ट. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये वरच्या आकाशात फिकट ढग दिसतात, आणि वर्षं जात गेली तसतसं तो ते आकाश गडद करत गेला, शेवटी शेवटी जवळजवळ काळं. निगेटिव्ह तीच. म्हणजे झोन सिस्टिम बसवणारा माणूससुद्धा एकाच फोटोचा टोन आयुष्यभर बदलत होता, त्यामुळे अमुक टोन बरोबर आणि तमुक चूक असं कोणी ठासून सांगायला लागलं तर मनावर घेऊ नका.

त्वचेचा विषय आपल्याकडे मुद्दाम काढायला पाहिजे. अमेरिकन पुस्तकांत त्वचा सहाव्या झोनवर ठेवा असं लिहिलेलं असतं, ते गोऱ्या लोकांच्या त्वचेसाठी आहे. आपल्याकडे गव्हाळ म्हणजे पाचच्या आसपास, सावळा म्हणजे चार, कधी त्याच्याही खाली. पण लग्नाचे फोटो असोत की पासपोर्टचे, आपल्या स्टुडिओंना प्रत्येक चेहरा दीड स्टॉप उचलायची खोड, आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते फार वाईट दिसतं, कारण चेहरा सहा-सातवर नेला की डोळ्याचं बुबुळाभोवतीचं पांढरं, दात, कपाळावरची चमक यांना वर जायला जागाच राहत नाही, सगळं एकाच पिठूळ पट्ट्यात बसतं. तोच चेहरा चारवर राहू द्या, मग गालाच्या हाडावरची चमक सातवर येते, मधे तीन स्टॉपची जागा मिळते आणि त्या जागेत गालाचा गोलवा, सुरकुत्या, घाम, सगळं मावतं. सावळ्या चेहऱ्याला ब्लॅक अँड व्हाइट जितकं मानवतं तितकं दुसऱ्या कशाला नाही, हे माझं ठाम मत आहे. फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं कृष्णधवल काम बघा, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा विषयात माणूसही गडद, भोवतालचा चिखलही गडद, मग माणसाला चिखलातून वेगळं काढायला त्वचा उजळवून उपयोग नसतो, ओल्या अंगावर पडलेल्या उजेडाची चमक हीच ते काम करते.

आता कॉन्ट्रास्ट. लोक याला एकच गोष्ट समजतात पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, फोटोतलं सगळ्यात काळं आणि सगळ्यात पांढरं यातलं अंतर. दुसरी, शेजारी-शेजारी असलेल्या दोन टोनमधलं अंतर. फोटो ठसठशीत वाटतो तो मुख्यतः दुसऱ्यामुळे. आणि इथे पंचाईत अशी की टोनचा साठा मर्यादित आहे. कर्व्ह म्हणजे टोन वर-खाली करायचा एडिटिंगमधला आलेख, त्यात आपण तो नेहमीचा इंग्रजी एस अक्षरासारखा आकार काढतो तेव्हा मधल्या टोनमधलं अंतर वाढतं, पण ते फुकट येत नाही, सावलीतलं आणि उजळ भागातलं अंतर तेवढंच कमी होतं. तोकड्या पांघरुणासारखं आहे, डोक्यावर ओढलं की पाय उघडे. म्हणून एस काढण्याआधी फोटोत महत्त्वाचं काय ते ठरवा, वेरूळच्या कैलास लेण्यातली काळ्या बसाल्टची शिल्पं असतील तर सगळा माल दोन ते पाचमध्ये आहे, तिथे नेहमीचा एस लावणं म्हणजे शिल्पांच्या तोंडावर डांबर ओतणं. तिथे कर्व्हचा खालचा भाग उभा करायचा, वरच्या भागाचं काय व्हायचं ते होऊ दे.

शेजारचं महत्त्व किती असतं ते बघायचं असेल तर एमआयटीच्या एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी १९९५ मध्ये केलेलं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र शोधा. पटावर एका हिरव्या दंडगोलाची सावली पडलीय, एक चौकोन काळा दिसतो, सावलीतला दुसरा पांढरा दिसतो, आणि दोन्हींची राखाडी तंतोतंत एकच आहे. कागद कापून शेजारी ठेवले तरच पटतं. फोटोग्राफरला यातून मिळणारी युक्ती अशी की एखादी गोष्ट उजळ दिसायला हवी असेल तर तिला हात न लावता तिच्या मागची जागा गडद करा. डार्करूममध्ये हेच करायचे, एन्लार्जर म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र, त्याच्याखाली हाताने किंवा तारेला लावलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने कागदाचा एखादा भाग झाकला की तो उजळ राहतो, ते डॉज, आणि बाकी झाकून तिथे जास्त वेळ उजेड दिला की तो काळवंडतो, ते बर्न. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू कागद ज्यांनी वापरलाय त्यांना लाल दिव्याखालचा तो हातवारे करण्याचा कार्यक्रम आठवत असेल. आता ब्रशने होतं, पण धीर तेव्हाइतकाच लागतो, ब्रश मोठा आणि मऊ ठेवायचा, एका वेळी पाव स्टॉप, आणि चेहऱ्याभोवती उजेडाचं वलय दिसायला लागलं की समजायचं अति झालं.

लो-की आणि हाय-की याबद्दल फार लिहीत नाही. फोटोचा बहुतेक भाग झोन तीनच्या खाली म्हणजे लो-की, बहुतेक सहाच्या वर म्हणजे हाय-की, फक्त लो-कीमध्ये एखादी तरी जागा खरी पांढरी आणि हाय-कीमध्ये एखादी तरी जागा खरी काळी लागते, नाहीतर पहिला नुसता अंडर, म्हणजे चुकून अंधारा, आणि दुसरा नुसता ओव्हर, म्हणजे चुकून पांढराफटक, दिसतो.

उजेड वाचायची सवय कशी लावायची? डोळे किलकिले करा. पापण्या अर्ध्या मिटल्या की रंग आणि बारीकसारीक फापटपसारा दबतो आणि उजळ-गडदाचे मोठे ढिगारे उरतात, चित्रकार लोक हे कायम करतात. दुसरं, फोनची स्क्रीन सेटिंगमधून ग्रेस्केल करून कॅमेरा उघडा आणि भाजी मंडईत जा. टोमॅटो आणि कोथिंबीर शेजारी असताना किती वेगळे वाटतात आणि स्क्रीनवर किती सारखे दिसतात हे एकदा बघितलं की लाल-हिरव्याच्या भरवशावर फोटो काढणं सुटतं. वांगं आणि फ्लॉवर मात्र तिथेही एकमेकांपासून लांबच राहतात. दुपारच्या उन्हात आपल्याकडे उजळ भिंत आणि दरवाज्याच्या आतला अंधार यात दहा-दहा स्टॉपचा फरक सहज असतो, कॅमेरा तो पकडेलही कदाचित, पण पुढे दाखवणार कुठे हा प्रश्न उरतोच.

कारण चकचकीत फोटो कागदावर सगळ्यात पांढरं आणि सगळ्यात काळं यांचं प्रमाण साधारण १०० ला १ असतं, म्हणजे साडेसहा-सात स्टॉप, आणि मॅट कागदावर पाचच्या आसपास, कारण मॅटचा काळा तितका काळा होतच नाही. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त परत पाठवतो, त्यामुळे स्क्रीनवर जी सावली छान वाचता येते ती प्रिंटमध्ये बुडते. प्रिंट काढणार असाल तर स्क्रीनचा ब्राइटनेस उतरवून एडिट करा, आणि आधी फोटोतला सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ भाग असलेला छोटासा तुकडा छापून बघा, पूर्ण आकाराचा कागद वाया घालवण्याआधी. साध्या कलर लॅबमध्ये ब्लॅक अँड व्हाइट दिलं तर राखाडीत कधी हिरवट कधी जांभळट झाक येते, कारण ते मशीन राखाडीसुद्धा रंगांतूनच बनवतं, हे आधीच विचारून घ्या. आणि लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगायला विसरू नका, कॅमेऱ्याच्या मीटरसारखंच त्या मशीनलाही सगळं जग मध्यम राखाडी हवं असतं आणि तुम्ही जीव ओतून केलेला लो-की फोटो ते अंडर एक्स्पोज समजून उजळून हातात देतं.